थाई भाषेत मोठे आकडे: लाखाला शब्द आहे, कोटीला नाही

प्रश्न थोडक्यात असा: थाई अंक एक ते शंभर पाठ झालेत, भाजीबाजारात शे-दोनशेचा व्यवहार जमतो. पण घरभाडं, पगार, गाडीची किंमत असा हजारांपुढचा आकडा समोरच्यानं बोलला की डोकं थांबतं. इंग्रजी धड्यांत दहा हजारांना आणि लाखाला वेगळे शब्द आहेत याचंच इतकं कौतुक असतं की पुढचं काही शिकवलंच जात नाही. मराठी माणसानं हे कसं शिकावं?

पहिलं म्हणजे इंग्रजीला मधे घेऊ नका. गोंधळाचं मूळ तिथेच आहे. इंग्रजीत हजारानंतर थेट मिलियन येतो, त्यामुळे ती भाषा बोलणाऱ्याला थाईतले मधले दोन शब्द नवलाचे वाटतात. तुम्ही शाळेत एकक, दशक, शतक, हजार, दशहजार, लक्ष, दशलक्ष, कोटी असा तक्ता घोकलेला आहे. थाई मुलं तोच तक्ता म्हणतात, फक्त दशलक्षाला थांबतात: नुआय्, सिप्, रॉय्, फन्, मून्, सॅन्, लान्. म्हणजे सिप् दहा, रॉय् शंभर, फन् हजार, मून् दहा हजार, सॅन् लाख, लान् दहा लाख. प्रत्येक घराला एक स्वतंत्र शब्द. जुन्या संस्कृत गणनेत दहा हजारांना 'अयुत' आणि दहा लाखांना 'प्रयुत' होतं. आपण ते शब्द वापरातून घालवले, थाईंनी त्या घरांचे आपले शब्द रोजच्या बोलण्यात ठेवले.

लान्च्या पुढे नवा शब्द नाही. कोटी म्हणजे दहा लान्, दहा कोटी म्हणजे शंभर लान्. यातलं बाकीचं पुढे येईल, आधी उच्चार नीट करून घेऊ. आकडा चुकीचा ऐकू येण्याचं निम्मं कारण उच्चारात असतं.

अंक आणि त्यांचे सूर

शून्य सून्ऽ, एक नुङ्, दोन सॉङ्, तीन साम्, चार सी, पाच हा, सहा होक्, सात चेत्, आठ पॅत्, नऊ काव्, दहा सिप्. यातलं 'सून्' हे आपलंच 'शून्य' आहे. 'ङ्' म्हणजे 'वाङ्मय'मधला ङ्, त्याच्यामागे ग उच्चारायचा नाही. 'सॉङ्ग' म्हटलं तर कळेल, पण कानाला खटकेल.

रोमन लिपीतून शिकलेल्यांचा 'सात' हमखास बिघडतो. पुस्तकात तो 'जे' अक्षरानं लिहिलेला असतो, म्हणून लोक 'जेट' म्हणतात. खरा आवाज आपल्या 'चहा'तल्या च-चा आहे ('चमचा'तल्या नव्हे) आणि शेवटी दंत्य त्. तसंच पाच-सहा पुस्तकांत पाच तऱ्हांनी लिहिलेला 'नऊ' हा साध्या क-नं सुरू होतो. महाप्राण आणि अल्पप्राण, म्हणजे क-ख, त-थ, प-फ, च-छ हा भेद थाईत अर्थ बदलतो आणि तो तुम्हाला फुकट मिळालेला आहे. काव् म्हणजे नऊ, ख-नं सुरू केलं की भात. युरोपीय शिकाऊ माणूस यावर महिने घालवतो. म्हणून थाई शब्द देवनागरीत लिहून घ्या, रोमन वह्या बंद करा.

एक सापळा मात्र खास आपला आहे. शहरी मराठीत फ-चा उच्चार ओठ न मिटता, 'फॅन'सारखा होतो. थाईत हजाराचा 'फन्' ओठ मिटून, जुन्या पद्धतीच्या 'फणस'सारखा म्हणायचा असतो. ओठ उघडे ठेवून त्याच सुरात 'फन' म्हटलं तर त्याचा अर्थ होतो 'दात'. दोन हजार बाटऐवजी दोन दात. संदर्भानं समजून घेतात, पण हसूही येतं.

'नुङ्' (एक) आणि 'मून्' (दहा हजार) यांतला स्वर मराठीत नाही. 'ई' म्हणताना ओठ जसे पसरतात तसे पसरून ठेवा आणि त्याच ओठांनी 'उ' म्हणा. चंद्रासारखा गोल ओठांचा 'मून' म्हटला की दुकानदार एक क्षण थबकतो. हा एकच स्वर आरशासमोर पाच मिनिटं घोटला तरी पुरे, कारण दहा ते नव्याण्णव हजारांपर्यंतच्या प्रत्येक आकड्यात तो येणार आहे.

शब्दाच्या शेवटचे क्, त्, प् तोडून टाकायचे, सोडायचे नाहीत. 'सिप्' म्हणताना ओठ मिटले की काम संपलं, ते पुन्हा उघडून 'सिप्प' किंवा 'सिपं' करू नका. यामुळे ऐकताना मात्र 'सी' (चार) आणि 'सिप्' (दहा) जवळजवळ सारखे वाटतात. फरक लांबीत आहे: सी लांब, सिप् आखूड आणि एकदम बंद.

सूर पाच आहेत. सगळं सुरांचं व्याकरण शिकण्याआधी आकड्यांपुरतं एवढं लक्षात ठेवा. शून्य, दोन, तीन आणि लाख (सून्, सॉङ्, साम्, सॅन्) हे खालून वर चढतात, आपण प्रश्नार्थक 'काय?' म्हणतो तसे. पाच, नऊ आणि विसातला 'यी' (हा, काव्, यी) वरून खाली पडतात, वैतागून म्हटलेल्या 'नाही'सारखे. रॉय् आणि लान् उंच पट्टीत. फन् सपाट, मधल्या पट्टीत. उरलेले सगळे, म्हणजे एक, चार, सहा, सात, आठ, दहा आणि दहा हजार, खालच्या पट्टीत. पाचाचा 'हा' पडता न म्हणता चढता म्हटला तर 'शोधणे' होतं. आणि 'हा'मुळेच थाई लोक चॅटवर हसताना ५५५ लिहितात.

लान्चा सूर उंचच ठेवा. तोच शब्द चढत्या सुरात नातू-नात, भाचा-पुतण्या असा होतो, सपाट सुरात अंगण. आणि उंच सुरात, अगदी त्याच स्पेलिंगनं, 'टक्कल' असाही अर्थ आहे; त्याला इलाज नाही.

अकरा ते नव्याण्णव

इथे मराठी माणसाला हेवा वाटावा अशी सोय आहे. आपल्याला एकोणपन्नास, त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर असे शंभरच्या शंभर शब्द पाठ करावे लागतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्त्याहत्तर'च्या जोडीला 'सत्तर सात' आलं तेव्हा केवढा वाद झाला होता. थाईत पहिल्यापासून तसंच आहे: त्रेचाळीस म्हणजे सी-सिप्-साम्, चार-दहा-तीन.

अपवाद दोनच. वीस हा 'सॉङ्-सिप्' नाही, 'यी-सिप्' आहे. आणि दोन किंवा अधिक अंकी संख्येच्या एककस्थानी एक आला तर तो 'नुङ्' नसून 'एत्' होतो: सिप्-एत् (११), यी-सिप्-एत् (२१), काव्-सिप्-एत् (९१). शंभरापुढेही हाच नियम आहे. ईशान्य थायलंडमध्ये 'रॉय् एत्' नावाचा प्रांतच आहे, नावाचा शब्दशः अर्थ एकशे एक. भरभर बोलताना यी-सिप् आक्रसून 'यिप्' होतं, म्हणून 'यिप्-हा' ऐकलं तर ते पंचवीस आहेत.

सोय आहे तशी एक खोडही आहे. मराठीत आधी एकक ऐकू येतं (त्रे-चाळीस), थाईत आधी दशक. त्यामुळे सी-सिप्-साम् ऐकून हात चौतीस लिहितो. सिप्-सी चौदा आणि सी-सिप् चाळीस हेही असेच उलटतात. यावर उपाय एकच, ऐकता ऐकता डावीकडून अंक लिहीत जायचं, मनात मराठी शब्द तयार होण्याची वाट पाहायची नाही. 'त्रेचाळीस' हा शब्द मनात आलाच नाही पाहिजे. कागदावर ४ पडला पाहिजे, मग ३.

सहा घरांची रीत

मोठा आकडा वाचायचा असेल तर उजवीकडून सहा अंक मोजा आणि तिथे उभी रेघ मारा. रेघेच्या उजवीकडे सहा घरं: सॅन्, मून्, फन्, रॉय्, सिप्, एकक. रेघेच्या डावीकडेही तीच सहा घरं, तेच शब्द, आणि डावा भाग वाचून झाला की एकदाच 'लान्' म्हणायचं. शून्याची घरं मराठीसारखीच वगळायची.

उदाहरणार्थ ७,४५०,०००. रेघ सातानंतर पडते: ७ | ४५०००० → चेत् लान्, सी सॅन्, हा मून्. मराठीत हेच 'चौऱ्याहत्तर लाख पन्नास हजार' होतं, कारण आपण लाखांच्या आणि हजारांच्या घरात दोन-दोन अंक एकत्र वाचतो. थाईत सात वेगळे, चार वेगळे. 'चेत्-सिप्-सी सॅन्' असं म्हणायची जीभ शिवशिवेल, पण तसं कुणी म्हणत नाही. सॅन् आणि मून्च्या आधी फक्त एक ते नऊ यांपैकी एकच अंक येतो. पन्नास हजारांना 'हा-सिप् फन्' म्हणणं हीच चूक इंग्रजीतून शिकणारेही करतात. कळतं सगळ्यांना, पण ते 'पाचशे दशक' म्हटल्यासारखं वाटतं.

आता जरा मोठा: १,२८४,३०५,६७०. रेघ मारली की १२८४ | ३०५६७०. डावा भाग: नुङ् फन् सॉङ् रॉय् पॅत्-सिप्-सी, आणि मग लान्. उजवा भाग: साम् सॅन् हा फन् होक् रॉय् चेत्-सिप्. दहा हजारांच्या घरात शून्य आहे म्हणून मून् आलंच नाही. मराठीत हाच आकडा एकशे अठ्ठावीस कोटी त्रेचाळीस लाख पाच हजार सहाशे सत्तर. दोन्ही रूपं शेजारी ठेवून पाहिलं की कळतं, मराठी शब्दांचं थाईत भाषांतर करत बसलात तर प्रत्येक पायरीला आकडे तोडून पुन्हा जोडावे लागतात. अंकांवरून थेट थाई वाचणं कितीतरी सोपं आहे.

लान्च्या वरची शिडी अशी: सिप् लान् एक कोटी, रॉय् लान् दहा कोटी, फन् लान् शंभर कोटी म्हणजे अब्ज, मून् लान् हजार कोटी, सॅन् लान् दहा हजार कोटी, आणि लान् लान् म्हणजे लाख कोटी. थाई अर्थसंकल्पाच्या बातम्यांत हे शेवटचं रूप रोज दिसतं: २०२५ च्या आर्थिक वर्षाचा अर्थसंकल्प सुमारे ३.७५ लान् लान् बाट होता, म्हणजे पावणेचार लाख कोटी. हे 'लाख कोटी' आणि 'लान् लान्' बरोबर जुळतं, ते तेवढं पाठच करून टाका. देशाची लोकसंख्या साधारण होक्-सिप्-होक् लान्, म्हणजे सहा कोटी साठ लाखांच्या आसपास.

लान् म्हणजे लाख नव्हे, हे लिहून भिंतीवर लावा. 'ला'नं सुरू होतं म्हणून मन लगेच लाखाकडे धावतं आणि किंमत दहापट चुकते. लाख म्हणजे सॅन्. त्यात भर म्हणून थाईत 'लक्' असाही शब्द आहे, पण त्याचा अर्थ 'घर, स्थान': लक् सॅन् म्हणजे लाखांच्या घरात, लक् लान् म्हणजे दहा लाखांच्या घरात. जमिनीचा दलाल 'लक् लान्' म्हणाला तर ती लाखांची नाही, दशलक्षांची गोष्ट आहे. लक्षात राहायला इतिहासाची मदत घ्या: चियांग माईभोवतीचं जुनं राज्य 'लान् ना', दहा लाख शेतांचं, लाओसचं जुनं राज्य लान् साङ्, दहा लाख हत्तींचं.

स्वल्पविरामही फसवतात. थायलंडमध्ये सगळीकडे तीन-तीन अंकांनंतर स्वल्पविराम असतो. मराठी डोळ्याला 'एक अंक, मग दोन स्वल्पविराम' दिसलं की तो लाख समजतो, कारण आपल्याकडे १,२५,००० असं लिहितात. तिथल्या पाटीवर १,२५०,००० आहे, म्हणजे साडेबारा लाख. सवय अशी लावा: उजवीकडून पहिला स्वल्पविराम दिसला की त्याच्या लगेच डावीकडचा अंक फन्, दुसऱ्या स्वल्पविरामाच्या लगेच डावीकडचा लान्. ही दोन खुंट्यांची जागा पक्की झाली की मधल्या मून् आणि सॅन्ला शोधावं लागत नाही.

रोजच्या बोलण्यातली आखूड रूपं

पुस्तकी वाचन जमलं तरी बाजारात पुन्हा अडखळायला होतं, कारण तिथे आकडे पूर्ण कुणी बोलत नाही. 'फन् हा' म्हणजे एक हजार पाच नव्हे, दीड हजार. मोठ्या घराच्या शब्दानंतर एकच उघडा अंक आला तर तो लगेच खालच्या घराचा असतो. सॉङ् फन् हा अडीच हजार, मून् साम् तेरा हजार, सॅन् सॉङ् एक लाख वीस हजार, लान् हा पंधरा लाख. सुरुवातीचा 'नुङ्'ही गाळतात. आपल्या दीड, अडीच, साडेतीनशी हे छान बसतं, म्हणून सराव मराठीतूनच करा:

दीड लाख: सॅन् हा. अडीच लाख: सॉङ् सॅन् हा. साडेतीन लाख: साम् सॅन् हा. पाऊण लाख: चेत् मून् हा. सव्वा लाखाला आखूड रूप पुरत नाही, सॅन् सॉङ् मून् हा (फन्) म्हणावं लागतं. दीड कोटी: सिप्-हा लान्. सव्वा कोटी: सिप्-सॉङ् लान् हा. अडीच कोटी: यी-सिप्-हा लान्. निम्म्यासाठी 'ख्रुङ्' हा शब्दही चालतो, लान् ख्रुङ् म्हणजे पंधरा लाख.

मग खरोखरच एक हजार पाच म्हणायचे असतील तर? मधे 'कप्' (आणि) घालतात: फन् कप् हा. शंभराच्या बाबतीत आखूड रूपावर विसंबू नका. 'रॉय् हा' हे एकशे पाचच असायला हवं, पण घाईत माणसं काहीही बोलतात. एकशे पन्नासाला 'रॉय् हा-सिप्' असं पूर्ण ऐकू आलं तरच धरा. उलट 'रॉय् नुङ्', 'फन् नुङ्' असा मागे लावलेला नुङ् ऐकला तर तो नुसता शंभर, नुसता हजार. १०१ साठी एत् आहे हे वर आलंच.

शंका आली की आकडा परत म्हणून विचारायचं: 'हा मून्, छाय् माय् ख्रप्?' म्हणजे पन्नास हजार, बरोबर ना? बाई असाल तर शेवटी ख्रप्ऐवजी 'ख'. बँकॉकच्या बोलीत र-चा ल होतो, त्यामुळे 'रॉय्' बरेचदा 'लॉय्' ऐकू येतो. त्याला लान् समजू नका.

अंदाजे आकड्यांत 'क्वा' (पेक्षा जास्त) हा शब्द कुठे बसतो याकडे बारीक लक्ष द्या. सिप् क्वा लान् म्हणजे दहा-वीस लाख नव्हे, तर दहा ते वीस लान्च्या मधलं काहीतरी, मराठीत कोटी ते दोन कोटी. सिप् लान् क्वा म्हणजे दहा लान् आणि वर थोडे, कोटीला जरा जास्त. एका शब्दाची जागा बदलली की कोटीभराचा फरक. 'अंदाजे'साठी प्रमान्, तो आपल्याच 'प्रमाण'चा भाऊ.

मोजण्याची वस्तू आधी, मग आकडा, मग नग-शब्द असा क्रम असतो. सोम् साम् लूक् म्हणजे संत्री तीन 'फळं'. माणसांना खोन्, बाटलीला ख्वत्, प्लेटला चान्. बाजारात 'खीत्' ऐकलं तर ते शंभर ग्रॅमचं माप आहे. किलोचा भाव समजून पैसे काढले तर दहापट फरक पडेल. जमीन 'राय्'वर विकतात. एक राय् १,६०० चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबानं पावणेसोळा गुंठ्यांहून किंचित जास्त, आणि भाव बहुधा रायमागे इतके लान् असा सांगतात. घरांच्या जाहिरातींत '२.५९ लान्पासून' असं लिहिलेलं असतं. दशांशचिन्हाला 'चुत्' म्हणायचं आणि पुढचे अंक सुटे वाचायचे: सॉङ् चुत् हा काव् लान्, पंचवीस लाख नव्वद हजार. टक्क्यांसाठी 'पर्सेन्' चालतं, पण सरकारी आणि बातम्यांच्या भाषेत 'रॉय् ला' येतं, अगदी आपल्या 'शेकडा'सारखं आणि तसंच आकड्याच्या आधी: रॉय् ला चेत्, शेकडा सात. तिथला मूल्यवर्धित करही तेवढाच आहे.

फोन नंबर एकेक अंक वाचतात, आणि त्यात दोनासाठी सॉङ्ऐवजी 'थो' ऐकू येतो. फोनवर सॉङ् आणि साम् यांची सरमिसळ होते म्हणून ही युक्ती. हा 'थो' संस्कृत 'द्वि'कडून आला आहे. एक, थो, त्री ही मालिका पदव्यांच्या नावांतही आहे, पण उलट्या क्रमानं: पदवी 'त्री', पदव्युत्तर 'थो', डॉक्टरेट 'एक्'. घर क्रमांकातल्या तिरप्या रेघेला 'थप्' म्हणतात, ९९/५ म्हणजे काव् काव् थप् हा.

सराव

पहिला आठवडा फक्त शिडी: एक अंक धरून सगळी घरं चढायची. हा, हा-सिप्, हा रॉय्, हा फन्, हा मून्, हा सॅन्, हा लान्, मग उतरायचं. नंतर अंक बदला. यात अर्थ लावायचा नाही, घराचं नाव अंकाला चिकटलं पाहिजे इतकंच. दुसऱ्या आठवड्यात पाच आणि सहा अंकी आकडे. पगार, भाडं, दुचाकीची किंमत हे सगळं याच पट्ट्यात येतं, म्हणून इथे जास्त वेळ घालवा. लान्ची घाई नको. तिसऱ्या आठवड्यात आखूड रूपं आणि ऐकून लिहिणं.

ऐकायला साहित्य भरपूर आहे. सरकारी लॉटरीची सोडत साधारण दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला थेट प्रक्षेपित होते, त्यात सुटे अंक स्पष्ट, सावकाश आणि पुन्हा पुन्हा म्हटले जातात. अंकांचे सूर पक्के करायला याहून चांगलं काही नाही. मोठ्या आकड्यांसाठी जुन्या गाड्या आणि घरं विकणाऱ्यांचे व्हिडिओ बघा, किंमत पडद्यावर आणि तोंडी दोन्ही येते. लिहिलेलं तपासायला एक्सेलमध्ये 'बाट' आणि 'टेक्स्ट' हे दोन शब्द रोमन लिपीत जोडून झालेलं एक फंक्शन आहे (बाटचं स्पेलिंग बी-ए-एच-टी). ते कुठलाही आकडा थाई अक्षरांत लिहून देतं. ते अक्षर फोनच्या भाषांतर ॲपमध्ये टाकून ऐकलं की उत्तर हातात. दुकानात मात्र परदेशी चेहरा दिसला की कॅल्क्युलेटर पुढे येतो. तो बघायच्या आधी आकडा कानानं ओळखायचा प्रयत्न करा, मग पडद्याशी पडताळा.

त्या फंक्शनच्या उत्तरात शेवटी 'बात् थुअन्' असं येतं. थुअन् म्हणजे 'पूर्ण', आपण चेकवर अक्षरी रकमेपुढे 'फक्त' लिहितो त्याच जागी. पुढे सतांग असतील (शंभर सतांगांचा एक बाट) तर थुअन् लिहायचं नाही. अक्षरी रकमेत सुरुवातीचा नुङ् गाळायचा नाही आणि फन् हा-सारखी आखूड रूपं तर मुळीच नाहीत.

वर्षाचा आकडा पाहून दचकू नका. थायलंडमध्ये बुद्ध शक चालतो, इसवी सनात ५४३ मिळवायचे. २०२६ म्हणजे २५६९, सॉङ् फन् हा रॉय् होक्-सिप्-काव्. औषधाच्या पाकिटावर मुदतीचं वर्ष नुसतं '६९' असेल तर तेही हेच. गंमत म्हणजे सुकोथाईच्या जुन्या शिलालेखांत 'महाशक' वापरलेला आहे. तो आपलाच शालिवाहन शक, इसवी सनाहून ७८ कमी.

राहिले थाई लिपीतले अंक. नोटांवर दोन्ही प्रकारचे अंक असतात, सरकारी कागदांवर बरेचदा फक्त थाई. राष्ट्रीय उद्यानांच्या दारात स्थानिकांचं तिकीट थाई अंकांत आणि परदेशी पाहुण्यांचं इंग्रजी अंकांत लिहिलेलं दिसतं, आणि दोन्हींत बराच फरक असतो. देवनागरी येणाऱ्याला थाई अंक तासाभरात ओळखता येतात: शून्य तेच गोल, एक हा शेपूट नसलेला १ वाटतो, तीन हा आडवा केलेला ३. खरी पंचाईत फक्त चार आणि पाचाची. दोघांचं अंग सारखंच, पाचाच्या डोक्यावर एक जादा गाठ असते. छोट्या छपाईत ती दिसत नाही, तेव्हा पावतीवर चार की पाच हे ठरवताना खालची बेरीज करून बघा.